काहीशी चिबड : आयोवातील एका मातीविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव मी आज पुन्हा पुन्हा घेणार नाही. या सभागृहात नुसते 'सर' म्हटले की पुरते. शाळेत सर पुष्कळ होते; पण विशेषणावाचून 'सर' म्हटले की ते भूगोलाचे सर, हे आमच्या पिढीने ठरवून टाकले होते.

मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. तेव्हा मी वाङ्मयावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक होते. 'अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका मातीविषयी बोलेन' असे मी दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा चिटणीसांनी विषय दोनदा विचारून घेतला. तिसऱ्यांदा विचारले नाही, हा त्यांचा सुसंस्कृतपणा. या विषयाशी माझा संबंध कसा आला, हे सांगण्यासाठी मला प्रथम शाळेच्या मागच्या अंगणात यावे लागेल.

१९६३ साली तिथे नव्या वर्गखोल्यांचा पाया खणला जात होता. सरांनी एके दिवशी सगळा वर्ग उठवून त्या खड्ड्यापाशी नेला. वर तांबडी माती, तिच्याखाली पिवळसर पट्टा, तळाशी कुदळीला दाद न देणारा जांभा. पुस्तकात तीन ओळींत संपणारा धडा आम्ही दोन तास पाहिला. सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवली, तीत थोडे पाणी घालायला लावले आणि तिची सुरळी वळायला सांगितले. सुरळी वळली तर चिकणमाती अधिक, तुटली तर वाळू अधिक. आधी हात, मग नाव, असा त्यांचा क्रम होता. मातीचे नाव आम्ही विचारू लागलो की ते म्हणत, "आधी तिला विचारा."

पुढे मी संतवाङ्मयातील शेतीविषयक शब्दांवर पीएच. डी. साठी काम करू लागलो, तेव्हा मी पुण्यात होतो आणि सर इथे होते. ते रविवारी सायकलने येळ्ळूर, वडगाव, मंडोळी अशा गावांच्या शिवारांत जात, भाताच्या बांधावर बसून शेतकऱ्यांना शब्द विचारत आणि सोमवारी मला पोस्टकार्ड टाकत. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या शिवारात ऐकला आणि सांगणाऱ्याचे अंदाजे वय. अशी सदतीस कार्डे माझ्याकडे जमली. प्रबंधात त्यांतले जेमतेम पाच-सहा शब्द आले, कारण बाकीचे संतांनी वापरलेले नव्हते. उरलेल्या शब्दांचा एक छोटा कोश करीन, असे मी सरांना कबूल केले होते. तो मी केला नाही. आधी नोकरी, मग विभागप्रमुखपद, मग निवृत्ती. सर गेले तेव्हाही तो व्हायचाच होता.

माझी कन्या आयोवात एम्स या गावी राहते. २०१८ साली मी तिच्याकडे चार महिने राहायला गेलो तो ही कार्डे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घेऊनच. इथे होत नाही ते काम तिथल्या निवांतपणात होईल, असे वाटले. तिच्या घराला तळघर आहे. माझे टेबल तिथे मांडले होते. जूनमधल्या एका रात्री मोठे वादळ झाले आणि वीज गेली. सकाळी जिना उतरलो तर तळघरात पायाचा घोटा बुडेल इतके पाणी. खोके जमिनीवर ठेवलेले होते, आणि ते मीच ठेवले होते.

छत गळले नव्हते, खिडकीतून पाणी आले नव्हते. पाणी खालून उपळले होते. तिकडे तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो, घराच्या पायाभोवतीचे पाणी त्यात उतरते आणि विजेचा पंप ते बाहेर फेकतो. वीज गेली, पंप थांबला, आणि जमिनीने आपले पाणी आपल्या पातळीला आणून ठेवले. मी मुलीला म्हणालो, "घर घेताना जमीन पाहिली नव्हतीस का?" ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने विद्यापीठातल्या एका मृदाशास्त्रज्ञ स्नेह्याकडून त्या परगण्याच्या मातीच्या पाहणीचे जाडजूड पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवले. त्यात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवर मातीच्या सीमारेषा काढलेल्या आहेत. आजचे घर जिथे आहे तिथे त्या छायाचित्रात शेत होते आणि शेतावर आकडा होता ५५. सूचीत पाहिले : ५५ म्हणजे निकोलेट लोम, उतार शंभर फुटांत एक ते तीन फूट. लोम म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांपैकी कोणा एकीचे राज्य नसलेली मिश्र माती. पुढे निचऱ्याविषयी एक शेरा होता. 'समव्हॉट पुअरली ड्रेन्ड' : निचरा काहीसा अपुरा.

भाषेचा अध्यापक म्हणून मला प्रथम राग आला तो या 'काहीसा'चा. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा शब्द मी तांबड्या शाईने चाळीस वर्षे खोडला आहे. निचरा आहे तरी म्हणा, नाही तरी म्हणा! पण ते पुस्तक वाचत गेलो तेव्हा कळले की हा शब्द गुळमुळीतपणाचा नाही. तिकडच्या पाहणीत निचऱ्याच्या सात पायऱ्या मानतात. एका टोकाला पाणी क्षणभरही न धरणारी रेताड जमीन, दुसऱ्या टोकाला वर्षातला बराच काळ पाण्याखाली असणारी. 'काहीसा अपुरा' ही त्यांतली एक नेमकी पायरी आहे. तिचा अर्थ असा की वर्षातल्या ओल्या दिवसांत, विशेषतः वसंतात, जमिनीतल्या पाण्याची पातळी एक ते तीन फुटांपर्यंत वर येते, तिथे काही काळ थांबते आणि उन्हाळ्यात खाली जाते. दलदल नव्हे, कोरडवाहूही नव्हे. आठ फूट खोल तळघर खणणाऱ्याने तेवढ्यावरून काय समजायचे ते समजावे.

ही पायरी कोणी दररोज काठी घालून पाणी मोजून ठरवलेली नाही. मग ती कळली कशी? हे मला त्या मृदाशास्त्रज्ञांनी एका शेतात नेऊन दाखवले. विद्यार्थ्यांसाठी तिथे पाच फूट खोल खड्डा खणला होता. वयाच्या सत्तरीच्या आसपास मी पुन्हा एकदा खड्ड्याच्या काठावर उभा होतो.

वरचा दीड फुटाच्या आसपासचा थर काळाभोर. आपल्या कापसाच्या काळीसारखा काळा. पण ती काळी आणि ही काळी यांच्यात फरक आहे. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय द्रव्य फार थोडे असते. निकोलेटच्या वरच्या थरात ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ते सगळे गवताचे देणे आहे. शेती येण्यापूर्वी तिथे माणसाच्या उंचीहून अधिक वाढणारे प्रेअरी गवत हजारो वर्षे उगवत होते; त्याची मुळे पुरुषभर खोल जात आणि तिथेच कुजत. आयोवातल्या त्या मूळ गवताळ प्रदेशाचा आज हजारातला एक भागही शिल्लक नाही. माती उरली आहे.

दीड फुटाखाली रंग बदलतो. करडट तपकिरी माती, तीत राखाडी ठिपके आणि त्यांच्याशेजारी गंजाच्या रंगाचे ठिपके. शास्त्रज्ञांनी खिशातून रंगांच्या पानांची एक वही काढली आणि मातीचे ढेकूळ एकेका चौकोनाशेजारी धरून जुळवू लागले. ही पद्धत बॉस्टनमधील चित्रकलेचे अध्यापक आल्बर्ट मन्सेल यांनी बसवली. त्यांचे पुस्तक १९०५ चे. चित्रकलेच्या मास्तराची वही साऱ्या जगातले मातीवाले खिशात बाळगतात, ही गोष्ट सरांना फार आवडली असती. आपल्या शाळेत चित्रकला आणि भूगोल हे तास एकामागून एक असत.

त्या ठिपक्यांचे रहस्य असे. मातीचा तांबूस-तपकिरी रंग लोहाचा असतो. कणांवर लोखंडाच्या गंजाचे पातळ कवच असते. पाणी भरले की मातीतली हवा संपते. मातीतल्या सूक्ष्म जीवांना श्वसनासाठी प्राणवायू मिळेनासा झाला की ते दुसऱ्या द्रव्यांकडे वळतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. या क्रियेत लोह विरघळण्याजोगे बनते आणि पाण्याबरोबर सरकते. जिथून ते गेले तिथे कणांचा मूळचा राखाडी रंग उघडा पडतो. पाणी उतरले, मुळांच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून हवा आली, की ते लोह तिथेच पुन्हा गंजून तांबूस डाग पडतो. राखाडी म्हणजे गेलेले लोह, तांबूस म्हणजे परतलेले. हे ठिपके किती खोलीवर सुरू होतात, त्यावरून पाणी कुठवर चढते ते कळते. कायम बुडालेली माती बहुतांशी राखाडीच दिसते, चांगल्या निचऱ्याची सलग तपकिरी. आणि दोन्ही रंग असे शेजारी नांदत असतील तर पाणी येते आणि जाते. 'काहीसा' हा शब्द त्या ठिपक्यांतून वाचलेला होता.

तीन फुटांच्या खाली माती फिकट, पिवळट हिरवट झाकेची. तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकताच ती फसफसली, म्हणजे तीत चुना आहे. आणि तिथेच मला खडे दिसले : चुनखडीचे, शेलचे, ग्रॅनाइटचे, लहानमोठे, कसेही विखुरलेले. नदीने आणलेला गाळ प्रवाहाच्या वेगाप्रमाणे निवडला जातो. जड खाली, हलके पुढे. इथे निवड अशी नव्हतीच. सुपातून न पाखडता ओतलेल्या धान्यासारखा तो थर होता. याला 'टिल' म्हणतात, आणि तो बर्फाने आणलेला आहे.

कॅनडाच्या बाजूने निघालेली हिमनदीची एक जीभ मिनेसोटावरून उतरून आज जिथे दे मॉईन शहर आहे तिथवर पोहोचली होती. वाटेतला खडक खरवडत, दळत, पोटात घेत ती आली. सुमारे चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी ती आयोवातून वितळून गेली आणि पोटातले सगळे तिथेच टाकून गेली. म्हणून त्या प्रदेशाचा उतार कोवळा आहे. आपल्याकडे सह्याद्रीवर पडलेल्या थेंबाला कुठे जायचे ते ठाऊक असते. तिथे पाण्याला अजून वाट सापडलेली नाही. नद्यांना आपली खोरी कोरायला जेवढा काळ लागतो तेवढा त्या भूमीला मिळालेलाच नाही. निचरा अपुरा असण्याचे हे मूळ कारण : भूमी लहान आहे.

बर्फाची गोष्ट आपल्याला परकी वाटते, म्हणून थोडे विषयांतर करतो. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण गोलार्धात होती तेव्हा तिच्यावरही हिमनद्या होत्या. त्यांचे दगडगोटे खडक बनून ओडिशात तालचेरला सापडले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ बर्फाने ओरखडलेला चुनखडक सापडला. तिथली टिल केव्हाच दगड झाली. आयोवातली अजून माती आहे, एवढाच फरक.

आता निकोलेटच्या शेजारणी. हिमनदीने टाकलेल्या त्या मैदानावर चार-पाच फुटांचे चढउतार आहेत, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे. उंचवट्यावर जी माती तिला क्लॅरियन म्हणतात. तिचा निचरा बरा. तिच्या पायथ्याशी निकोलेट. त्याखालच्या सपाटीवर वेब्स्टर, तिचा निचरा अपुरा. आणि बशीसारख्या खळग्यात ओकोबोजी, जिच्यावर पाणी साचूनच राहते. मूळ द्रव्य एकच, हवा एकच, गवत जवळपास एकच. चार-पाच फुटांच्या उंचसखलपणाने चार माती झाल्या. अशा मालिकेला पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये लॅटिनमधला साखळी या अर्थाचा शब्द दिला. या साखळीत निकोलेट मधली कडी आहे. मातीला गावाचे वा परगण्याचे नाव द्यायची तिकडे रीत आहे; मिनेसोटात निकोलेट नावाचा परगणा आहे, आणि त्याला ते नाव जोसेफ निकोलेट या फ्रेंच नकाशाकारावरून मिळाले. १८३०च्या दशकात मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्याचा नकाशा करताना त्याने नद्या-तळ्यांची डकोटा आणि ओजिब्वे लोकांच्या तोंडची नावे विचारून लिहून घेतली. हे वाचले तेव्हा मला सायकल आठवली.

एम्सच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत शेतकरी रोज शेताच्या कडेला जाऊन माती मुठीत दाबून पाहतात. ते कशाची वाट पाहतात, हे सांगायला इंग्रजीत लांबलचक वाक्य लागते. आपल्याकडे एक शब्द पुरतो : वाफसा. काही भागांत त्याला घात म्हणतात. पाणी उतरले आहे, ओल आहे, हवा शिरली आहे, अवजार चालेल आणि बी रुजेल, ही सगळी अवस्था त्या तीन अक्षरांत आहे. क्लॅरियनवर वाफसा आधी येतो, निकोलेटवर मागून, वेब्स्टरवर त्याहून उशिरा. आणि एकाच शेतात तिन्ही असल्यामुळे पेरणीयंत्र घेऊन उभा असलेला शेतकरी अडकतो. मी हा शब्द त्या शास्त्रज्ञांना समजावून दिला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. परदेशात जाऊन मी मराठीची एवढीच सेवा केली.

वाफसा लवकर यावा म्हणून त्यांनी जमिनीच्या पोटात नळ्या घातल्या. जॉन जॉन्स्टन या स्कॉटिश शेतकऱ्याने न्यू यॉर्क राज्यात १८३८ मध्ये ही पद्धत सुरू केली. भाजलेल्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या तीन-चार फूट खोल चरात टोकाला टोक लावून मांडायच्या. सांध्यांतून पाणी आत येते आणि ओढ्याला जाते. आयोवात विसाव्या शतकाच्या आरंभापासून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, निचरा-मंडळे स्थापून, सगळी मैदाने अशी कोरडी केली. आता सच्छिद्र प्लॅस्टिकची नळी पुरतात, तरी तिला 'टाइल'च म्हणतात. वस्तू गेली, शब्द राहिला. नळ्यांमुळे ती जगातल्या उत्तम मका-सोयाबीनच्या जमिनींपैकी एक झाली, हे निर्विवाद आहे.

परंतु पाणी एकटे जात नाही. माती ओली असताना तिच्यातले नायट्रेट सूक्ष्म जीव वापरून टाकत आणि ते वायू होऊन हवेत जाई. माती कोरडी झाली, हवा खेळू लागली, तशी गवताची हजारो वर्षांची पुंजी जिरू लागली. तीत खतांची भर पडली. आणि ते नायट्रेट नळीवाटे थेट ओढ्यात, ओढ्यातून रॅकून नदीत आणि नदीतून दे मॉईनच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ लागले. मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅम नायट्रोजनची; त्यापलीकडे तान्ह्या मुलांना धोका. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्याचा मोठा प्रकल्प उभारावा लागला. २०१५ मध्ये तिने वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतील निचरा-मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तो काढून टाकला. २०२५ च्या जूनमध्ये नदीतले नायट्रेट इतके वाढले की त्या भागात हिरवळीला पाणी घालण्यास बंदी झाली. शेतकऱ्याला खलनायक ठरवणे मला मान्य नाही. त्याने वाफसा मागितला, आणि तो कोणता शेतकरी मागत नाही? तथापि, पाण्याची वाट बदलणाऱ्याने ते पुढे कोणाच्या दारी जाते एवढे पाहायला हवे होते, आणि तेही शंभर वर्षे कोणी पाहिले नाही.

खड्ड्याशी मी एक प्रश्न विचारला होता. नळ्या घालून शंभर वर्षे झाली, पाणी आता वर चढत नाही. मग पुस्तकात अजून 'काहीसा अपुरा' का? उत्तर असे मिळाले की ही पायरी जमिनीच्या मूळ स्वभावाची धरतात, आणि ठिपके अजून आहेत. पाणी काढून नेले तरी राखाडी रंग सहजी जात नाही. शिवाय नळी फुटली, बुजली किंवा पंप थांबला, की पाणी आपल्या जुन्या खुणेपाशी परत येते. ही शेवटची गोष्ट मला त्यांनी सांगण्याची गरज नव्हती.

कार्डांकडे येतो. सदतीसपैकी अठ्ठावीस आम्ही पंख्याखाली वाळवून वाचवली. बाकीच्यांची शाई पसरली. सर निळ्या शाईने लिहीत. वाचलेल्यांपैकी एक कार्ड मी खड्डा पाहून आल्यावर पुन्हा वाचले आणि मला बसावे लागले. सरांनी लिहिले होते की येळ्ळूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मते चिबड जमीन दोन प्रकारची. वरून पडलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडून साचते, ती नुसती चिबड. आणि खालून पाणी चढून जी ओली होते तिला त्यांच्याकडे निराळे नाव आहे. दोहोंचा उपाय एक नव्हे. मृदाशास्त्रात हाच भेद आहे आणि त्याला दोन भारदस्त संज्ञा आहेत. निकोलेट दुसऱ्या प्रकारात मोडते, माझ्या मुलीचे तळघरही. त्या दुसऱ्या प्रकाराचा शब्द सरांनी लिहिला होता. तो कार्डाच्या खालच्या ओळीत होता, आणि पाणी तिथवर आले होते.

पहिले अक्षर 'ग' असावे किंवा 'श'. शेवटी काना आहे. मध्ये निळा डाग आहे. मोल्सवर्थ पाहिला, इतर कोश पाहिले, जमला नाही. मी तो शब्द वाचलेला होता, एकदा नव्हे अनेकदा. पण तो आठवत नाही. ज्या शिवारात सरांनी तो ऐकला तिथे आता घरे झाली आहेत. तरी या सभागृहात त्या गावांची माणसे आहेत, आणि त्यांच्या घरी नव्वदीच्या आजी-आजोबा असतील. त्यांना शब्द असा विचारू नका, ते गोंधळतील. पावसाळ्यात खालून पाणी फुटणाऱ्या शेताला तुम्ही काय म्हणत होता, असे विचारा. कळले तर शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड टाका.

अठ्ठावीस कार्डे मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. कोशाचे काम सुरू केले आहे, अर्धे झाले आहे. ते कार्ड मात्र सभा संपल्यावर काही वेळ इथे टेबलावर ठेवतो. कोणाला अक्षर लागते का पाहावे. चहा घेतला असेल तर हात पुसून या. आणि ग्रंथपाल महोदयांना एक विनंती : कपाटाचा खालचा खण नको, वरचा द्या.